उजव्या हाताची मूठ

माणसाला बाहेर काढायच्या पुष्कळ तऱ्हा मी पाहिल्यात. आमच्या गावचे मास्तर पट्टीनं दार दाखवायचे. रेल्वेच्या वर्कशॉपात आमचा फोरमन नुसता चष्मा काढून पुसायचा, की समोरचा आपसूक चालू पडायचा. पण आमच्या शेजारच्या माणिकबाई मकासरे यांनी एका सुटाबुटातल्या, घसा फोडून प्रार्थना करणाऱ्या माणसाला ज्या तऱ्हेनं बाहेर काढलं, तशी तऱ्हा मी अख्ख्या लखनौत दुसरी पाहिली नाही. त्या त्याला म्हणाल्या, "हमारे प्रभु की पूड़ियाँ खा गए, अब उठिए." लखनौचा अदब बघा, हाकलतानासुद्धा 'उठिए'.

हे कसं झालं ते सांगायचं तर डब्यापासून सुरुवात करावी लागेल.

डबा वनस्पती तुपाचा, पाच किलोचा. कधीकाळी पिवळा होता, आता नुसता पत्रा उरलाय आणि झाकणाला एक पोचा. माणिकबाईंचं माहेर नेवासे तालुक्यातलं. तिथल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चच्या माणसांत, एक रीत होती. बाई स्वयंपाकाला लागली की कणीक मळायच्या आधी पिठाची एक मूठ देवाच्या नावानं वेगळ्या डब्यात टाकायची. घरात पीठ किती उरलंय ते बघायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा चर्चमधल्या पोत्यात रिकामा करायचा, आणि त्या पिठावर मंडळीतल्या निराधार म्हाताऱ्यांची चूल पेटायची. लेक सासरी निघाली की आई तिच्या हातात असा डबा द्यायची. त्र्याहत्तर साली माणिकबाई रेल्वेतल्या फिटर बाबुरावांची नवरी होऊन चारबाग स्टेशनात उतरल्या, तेव्हा एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात हा डबा.

मूठ टाकायची ती उजव्या हातानं. हे काही मी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे डाव्या हातानं कुणी भिकाऱ्याला भाकरी देत नाही, मग देवाला पीठ कसं देईल?

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही चारबागलाच. एकोणऐंशी साल. मी श्रीगोंद्याकडचा, नुकता बदलून आलेला, हिंदीचा गंध नाही. फलाटावर एक बाई हमालाला मराठीतून झापत होती आणि हमाल हिंदीतून माफी मागत होता. हमालाला तिचा शब्द कळत नव्हता, लखनौत सहा वर्षं काढलेल्या बाईला रागात मराठीच सुचत होतं, पण भांडण अगदी सुरळीत चाललं होतं. मला तर माहेर भेटल्यासारखं झालं. पुढं आम्ही अलीगंजात शेजारी शेजारी घरं घेतली, ती आजतागायत.

माणिकबाई लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाकाला होत्या. तिथं दिवसाला परातीमागून परात कणीक मळायची, घरी येऊन पुन्हा मळायची, आणि घरी मळायच्या आधी मूठ. मी बुद्धवंदना म्हणणारा, देव न मानणारा. त्यावरून आमची चाळीस वर्षं चकमक चाललीय.

"शामरावभाऊ, तुमच्याकडे देवच नाही. मग वैताग आला की तुम्ही भांडता कुणाशी?"

"फोरमनशी."

"म्हणून तुमचं प्रमोशन राहिलं!"

हसायला त्या पुढं, पण बाई आतून दगड. ते मला कळलं अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात. त्यांची नऊ वर्षांची स्नेहा दिमागी बुखारानं, म्हणजे मेंदूज्वरानं गेली. तीन दिवसांत खेळ संपला. पोरीला माती देऊन आम्ही परत आलो. शेजारच्या बायकांनी खिचडी आणून ठेवली होती, चूल पेटवायची गरजच नव्हती. माणिकबाई तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी पिठाच्या पिंपात हात घातला. आमच्या घरातल्या म्हणाल्या, "माणिकबाई, आजच्या दिवस राहू द्या. देव काय म्हणणार आहे का?"

माणिकबाईंनी दाबून मूठ भरली आणि डब्यात अशी आपटली की पीठ उडून त्यांच्या भुवयांवर बसलं.

"तो म्हणो नाही तर न म्हणो. माझी पोर त्यानं का नेली, ते मी समोर गेल्यावर विचारीन, आणि उत्तर घेतल्याशिवाय तिथून हलायची नाही. पण पोर नेली म्हणून माणिकनं मूठ बंद केली, असं त्याला म्हणता यायचं नाही. शब्द मोडला कुणी, असं कुणी विचारलं तर बोट माझ्याकडे नको."

मी दारात उभा होतो. देव न मानणारा माणूस मी, पण त्या वेळी मला त्या देवाचीच थोडी काळजी वाटली.

बाबुराव गेले तेव्हाही मूठ चुकली नाही. चुकली ती मागच्या वर्षीच्या जानेवारीत. सकाळ होती, समोरचं घर दिसणार नाही असं धुकं. माणिकबाईंनी पिंपात हात घातला, मूठ भरली, डब्याकडे वळल्या आणि तशाच खाली कोसळल्या. उजव्या अंगावरून वारं गेलं. आम्ही त्यांना उचललं तेव्हा मुठीत पीठ होतं. ती मूठ काही डब्यापर्यंत पोचली नाही.

बावीस दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या. पाय काठीच्या आधारानं चालू लागला. जीभ परत आली, आणि परत आल्या आल्या तिनं पहिल्यांदा मुलाला झापलं. पण उजवा हात! तो लुळा पडला असता तर एक वेळ बरं. तो मिटला. बोटं तळव्यात रुतून बसलेली, दुसऱ्या हातानं ओढली तरी सुटायची नाहीत.

घरात मुलगा अनीश आणि सून दीप्ती. दीप्ती कानपूरची, त्यांच्याच धर्मातली, सासूचं मराठी ऐकून ऐकून कळायला लागलेली, गरीब गाय. तिनं विचारलं, "मम्मी जी, मुट्ठी मैं डाल दूँ?"

"तुझी टाकायची तर तुझा डबा घे. हा डबा माझा."

मग पादरी साहेब भेटायला आले. भला माणूस. म्हणाले, "बहन जी, बाएँ हाथ से डाल दीजिए. प्रभु हाथ नहीं देखता, मन देखता है."

"मन उसको दिखता होगा, साहब. हाथ तो मेरे को दिखता है ना!"

अनीशची गोष्ट निराळी. बाप गेल्यापासून पोरगा चर्चची पायरी चढला नव्हता. मराठी समजतं सगळं, बोलतो हिंदी. तो म्हणाला, "आई, पचास साल मुट्ठी डाली तुमने. बदले में क्या मिला? पहले दीदी, फिर पापा, अब ये हाथ."

"बदल्यात मिळवायला मी काय दुकान मांडलं होतं का रे? तुला चाळीस वर्षं दोन्ही वेळ जेवू घातलं. बदल्यात काय मिळालं? उलट उत्तर. म्हणून मी वाढायचं बंद केलं का?"

मी चहात तोंड घालून हसून घेतलं.

डबा तसाच पाऊण भरलेला फळीवर राहिला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये दीप्तीनं माहेरच्या कुणाच्या तरी सांगण्यावरून ब्रदर हर्षवर्धनना बोलावलं. यांच्या प्रार्थनेनं म्हणे लंगडे धावतात. शनिवारी दुपारी येणार म्हणून माणिकबाईंनी मला निरोप पाठवला: "शामरावभाऊ, तुम्हीपण या. एकटीला आवरायचा नाही."

ब्रदर आले ते दोन शिष्यांना घेऊन. पाहुणचार आधी. पुऱ्या, आलूची सब्जी, शेवया. मी काही मोजत बसलो नव्हतो, पण अकरा पुऱ्या. शिष्यांच्या वेगळ्या. मग हात पुसून ब्रदरनी कोट काढला, माणिकबाईंची मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि जी काही प्रार्थना सुरू केली, ती ऐकून खालचा भाजीवाला वर बघायला लागला. "खुल जा! मैं आज्ञा देता हूँ, खुल जा!" मूठ उघडेना. उलट आणखी आवळली. पाऊण तास झाला. ब्रदरच्या कपाळावर घाम, आवाज बसलेला. शेवटी हात सोडून ते मागे सरले आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, "इस घर में अविश्वास है. माता जी, कोई पाप छुपा है आपका. जिनका विश्वास पक्का हो, वे इस हाल में नहीं पड़े रहते."

दीप्तीच्या डोळ्यांत पाणी. अनीश उठून बाहेर निघाला होता, तो दारातच थांबला. माणिकबाई मात्र ब्रदरकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर गॅलरीत होती. गॅलरीत उन्हात डबा उपडा घातला होता. धुऊन, लख्ख करून.

"दीप्ती, डबा धुतलास?"

"मम्मी जी, आटा कम पड़ गया था..." दीप्तीनं डोळे पुसले. "दो महीने से रखा था, मैंने सोचा कीड़े पड़ जाएँगे. सो पूड़ी में..."

मूठ पडताना रोज बघितलेली, पण पडलेल्या पिठाला हात लावायचा नाही हे बिचारीला काय ठाऊक? तिच्या माहेरी अशी रीतच नाही. तिच्या लेखी देवाच्या डब्यातलं पीठही पीठच.

माणिकबाईंना आधी कळलंच नाही. मग कळलं. मला वाटलं आता ही बाई रडते. तर त्या हसायला लागल्या. वारं गेलेल्या तोंडानं, वाकडं वाकडं, पण पोट धरून. हसणं ओसरल्यावर त्यांनी काठी उचलली आणि ब्रदरच्या बुटांकडे रोखली.

"हमारे प्रभु की पूड़ियाँ खा गए, अब उठिए."

"माता जी, आप क्रोध में हैं..."

"क्रोध में नहीं, होश में हूँ. मेरे प्रभु का खा के मेरे घर में मेरे ही को पापी बोलते हो? सुनो भैया. हाथ खुला तो वो मेरा प्रभु, बंद रहा तो भी वो मेरा प्रभु. मेरा विश्वास इस हाथ पे नहीं टिका. तुम्हारा टिका था. देखो, हाथ नहीं खुला तो मुँह किसका उतरा? मेरा तो नहीं उतरा."

ब्रदर कोट हातात घेऊनच जिना उतरले.

दीप्ती हमसून रडायला लागली. माणिकबाईंनी तिला डाव्या हातानं जवळ ओढलं. "रडू नकोस गं. ताटावर बसलेल्याला वाढलंस, त्यात पाप कसलं? त्याची भूक जरा जास्त होती, एवढंच. डबा वाळला की जागेवर ठेव. आता तळापासून भरायचा. नोव्हेंबरात उपकारस्तुतीचा रविवार आहे ना, त्या दिवशी न्यायचा. उजव्या हातानं भरलेला."

दारातून अनीश म्हणाला, "और नहीं हुआ तो?"

"तर रिकामा नेईन. पोत्यावर सगळ्यांदेखत रिकामा उपडा करीन. पण डावा हात पुढं करायची नाही."

उपकारस्तुतीचा रविवार म्हणजे सुगीनंतर आपापलं काही आणून चर्चमध्ये वाहायचा दिवस. भोपळे, ऊस, गव्हाची पोती, सगळं वेदीपुढं रचतात. त्या भरल्या ढिगापुढं ही बाई रिकामा डबा उपडा करायला निघालेली. आणि ती तसं करील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आठ महिने हातात होते.

व्यायाम शिकवायला माया नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. तिला आधी वाटलं, आंटींना केस विंचरता यावेत, घास तोंडात घालता यावा. माणिकबाईंनी तिला सांगितलं, "घास बाएँ हाथ से खा लूँगी. मेरे को एक ही काम सिखाओ." माया चक्रावली, पण मुलगी खटपटी होती, लागली कामाला.

रोज सकाळी गरम पाण्यात हात. मग डाव्या हातानं एकेक बोट सोलल्यासारखं सोडवायचं, ते पिठात दाबायचं, सोडलं की बोटं आपोआप मिटायची. मूठ भरायला अडचणच नव्हती. अडचण पुढं. मूठ डब्यावर न्यायची, आणि ती उघडायचीच नाही! माणिकबाई डब्यावर हात धरून उभ्या, दात-ओठ खाऊन, आणि पीठ बोटांच्या फटीतून ओट्यावर, जमिनीवर, पायांवर. डब्यात चिमूटही नाही. मुंग्यांच्या रांगा लागल्या. गॅलरीत कबुतरं जमायला लागली. अनीश ओरडायचा, "घर है कि आटा चक्की!" दीप्ती मुकाट्यानं झाडू मारायची.

मी सकाळचा चहा तिथंच घ्यायचो, तमाशा चुकू नये म्हणून. जूनमध्ये लखनौ नुसती भट्टी. घामानं मुठीतल्या मुठीत पिठाचा गोळा व्हायचा. मी म्हणालो, "माणिकबाई, आता तिथंच लाटून घ्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बशी उचलून घरी आलो.

जुलैत एक दिवस गेलो तर त्या खुर्चीवर नुसत्या बसलेल्या. समोर गरम पाणी गार झालेलं.

"आज नाही?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला. प्रार्थनेचा आवाजही बंद. मला खरंच धसका बसला. या बाईशी भांडण्यात माझी चाळीस वर्षं गेली. ती खचली तर मी जायचं कुणाकडं? आठव्या दिवशी धीर करून विचारलं, "माणिकबाई, सुटला का विश्वास?"

"सुटेल कसा? अबोला धरलाय मी."

"देवाशी?"

"हो. बघू या किती दिवस करमतंय त्याला. आणि भाऊ, अबोला धरायलासुद्धा समोर कुणी असावं लागतं. तुमचं काय? तुम्ही कुणाशी धरणार?"

"तुमच्याशी धरीन."

"धरा की. माझी सकाळ शांत जाईल."

नवव्या दिवशी सकाळी पुन्हा पाण्याची पातेली चढली. अबोला कुणी सोडला, आधी कोण बोललं, ते मी विचारलं नाही. नवरा-बायकोच्या भांडणात आणि असल्या भांडणात तिऱ्हाइतानं तोंड घालू नये.

सप्टेंबरात मायाला युक्ती सुचली. म्हणाली, "आंटी जी, उँगलियाँ खोलिए ही मत. बस कलाई नीचे लटका दीजिए." माणिकबाईंनी मनगट सैल सोडून खाली वाकवलं, आणि खरोखर बोटं आपोआप ढिली पडली. शिरा तशा बांधलेल्या असतात म्हणे, मनगट वाकलं की बोटांवरचा ताण सुटतो. सहा महिने बाई हात वर धरून जोर करत होती, आणि उपाय तो खाली सोडण्यात होता!

पण डबा ओट्यावर. तिथं हात लोंबता ठेवायला जागा नाही. पीठ सुटलं ते डब्याबाहेर. दीप्ती म्हणाली नरसाळं लावू. मी म्हणालो मोठी परात घ्या. "परात नाही. डबा हाच." माणिकबाईंनी विचार केला, डबा उचलायला लावून जमिनीवर ठेवला, स्वतः स्टुलावर बसल्या, डबा दोन्ही पायांत धरला आणि हात वरून लोंबता सोडला. आम्ही सगळे श्वास धरून. मनगट वाकलं. बोटं हलली. डब्याच्या तळाला आवाज झाला, अगदी हलका. थप्प.

पुरती मूठ नव्हती. निम्मी बाहेर सांडली होती. माणिकबाई रडल्या नाहीत की आनंदानं ओरडल्या नाहीत. छताकडे बघून नुसतं म्हणाल्या, "बघितलंस?"

तो प्रश्न आमच्यापैकी कुणाला नव्हता. तरी मीही उगाच वर बघून घेतलं.

मग रोज दोन वेळा. नोव्हेंबरपर्यंत डब्यात चार बोटं पीठ जमलं. रविवारी सकाळी काठी आणि डबा दोन्ही माणिकबाईंना धरता येईनात, तेव्हा अनीश पुढं झाला. म्हणाला, "मैं सिर्फ़ डब्बा पकड़ने आ रहा हूँ."

"मग धर. बोलतोस कशाला?"

ई-रिक्षात माय-लेक मागं, मी पुढं ड्रायव्हरशेजारी. चर्चमध्ये मी पाठीमागच्या बाकावर बसलो. अर्पणाची वेळ झाली, पेटीवर गीत सुरू झालं, माणसं रांगेनं पुढं जाऊ लागली. लोक दहा-दहा किलोच्या थैल्या ठेवून परतत होते. माणिकबाई काठी टेकत पोत्यापर्यंत पोचल्या. तिथल्या कार्यकर्त्यानं डबा बघितला आणि अदबीनं म्हणाला, "लाइए आंटी, हम पलट देते हैं." अनीशनंही डबा उलटा करायला हात वर केला. काठी त्याच्या नडगीवर बसली. तो आवाज मला मागच्या बाकावर ऐकू आला.

"डबा खाली ठेव. पोत्याचं तोंड धर. खाली बस."

अनीश बसला. बारा-तेरा वर्षांनी चर्चमध्ये आलेला माणूस, आला तो थेट गुडघ्यांवर, पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून. माणिकबाईंना खुर्ची दिली. त्यांनी डाव्या हातानं उजव्याची बोटं सोडवली, डब्यातल्या पिठात दाबली, मूठ मिटली, पोत्यावर आणली, मनगट सोडलं. थांबल्या. पीठ पडलं. पुन्हा.

गीत संपलं. पेटीवाल्यानं मागं वळून बघितलं आणि पहिलं कडवं पुन्हा धरलं. तेही संपलं. रांग खोळंबलेली. एक जण खोकला. पादरी साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग घड्याळ बाहीत सारलं. माणिकबाईंना घाई नव्हती. सहा मुठी झाल्या. पीठ निम्मं पोत्यात, निम्मं अनीशच्या बाह्यांवर आणि केसांत.

मग त्या म्हणाल्या, "बाकीचं उलट आता. तुझेपण हात पांढरे होऊ देत जरा."

अनीशनं डबा उपडा केला, तळाला थापटी मारली, आणि उठताना आईला हात दिला. येताना रिक्षातून मी मागं वळून बघत होतो. अनीशनं डोक्यातलं पीठ झटकलं नाही, एवढं मी बघितलं. तो पुढच्या रविवारी गेला का? नाही गेला. ती गोष्ट वेगळी. माणिकबाईंनी विचारलंही नाही.

हात अजून तसाच आहे. बरा झाला, चमत्कार झाला, असं कुणी सांगितलं तर खोटं समजा. मूठ मिटलेलीच आहे. त्या उपकारस्तुतीच्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. दीप्तीनं परात काढली, पीठ घेतलं, पाण्याचा तांब्या उचलला. तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला, आणि पाठोपाठ माणिकबाईंचा.

"पाणी घालू नकोस गं अजून. माझी मूठ राहिलीय."